यंत्रातली खडी

यंत्रात खडी वाजायला लागल्यापासून ऐलय्याचा हात आपोआप खिशातल्या पान्याकडे जात होता.

खडी म्हणजे खरीखुरी नव्हे. पण पंपांच्या धंद्यात ज्याचे केस पिकले त्याला हा आवाज झोपेतही ओळखू येतो. पाइपातून कुणीतरी मूठमूठ बारीक खडी सोडतंय असं वाटतं. पंपाला पाणी पुरेनासं झालं, तो उपाशी पडला, की असे दात खातो. एकदा दात खायला लागला की आतला पंखा कुरतडला जातो, बेअरिंग जातं, आणि ऐन गरजेच्या वेळी पंप मान टाकतो. वेपलकुंट्यात आणि भोवतालच्या गावांत ऐलय्याने हा आवाज किती ठिकाणी बंद केला, ते एका नरसिंहस्वामीला ठाऊक.

आज मात्र हात लावायची सोय नव्हती. सकाळी गंगव्वाने यंत्राच्या मोठ्या व्हॉल्व्हच्या चाकाला हळकुंडाचं कंकण बांधलं होतं. लग्नात मनगटाला बांधतात तसलंच. आमच्याकडे कंकण बांधलं की हाती घेतलेलं कार्य तडीस जाईपर्यंत ते सोडत नाहीत.

"दिवेलागणीपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही," गाठ मारून ती म्हणाली होती. "तुम्ही नाही, मी नाही. चाललं तर चाललं. बंद पडलं तर तुमचं नशीब."

गंगव्वा कोळ्यांच्या सोसायटीची अध्यक्ष. गावचं तळं सोसायटीचं, त्यातले मासे सोसायटीचे. आणि धर्मार्थ दवाखान्याचं सांडपाणी नाल्यातून त्याच तळ्यात जातं. गेल्या उन्हाळ्यात तळ्याचं पाणी तपासलं, तर त्यात वॉर्डात देतात ती औषधं निघाली: जंतू मारणारं एक, अंगदुखीवरचं एक. माणसाच्या पोटातून, न्हाणीतून, धुण्यातून निसटलेली. दवाखान्याची जुनी टाकी घाण खाली बसवते, पण विरघळलेल्या औषधाला ती काय धरणार? सोसायटीने ठराव केला: एक तर औषध काढा, नाहीतर नाल्याचं तोंड आम्ही बुजवतो. वाळूची पोती नाल्याच्या काठाला रचूनच ठेवली होती. नाला बुजला की वॉर्ड बंद, आणि सगळ्यात आधी बंद व्हायचं ते डायलिसिस, कारण सगळ्यात जास्त पाणी त्यालाच लागतं.

ऐलय्याची बायको बालामणी आत्ता तिथेच, पहिल्या मजल्यावर, दंडात दोन सुया घेऊन पडली होती. आठवड्यातून तीनदा. इथलं बंद झालं तर हैदराबाद, आणि एवढ्या हेलपाट्यांना तिचं शरीर पुरेल असं डॉक्टरसुद्धा तोंडाने म्हणत नव्हते.

म्हणून दवाखान्यामागच्या अंगणात, टाकीशेजारी हे यंत्र, आणि आजची परीक्षा: दिवेलागणीपर्यंत औषध अर्ध्याच्या खाली आलं तर नाला उघडा राहणार. यंत्र आणलं होतं ऐलय्याच्या बहिणीच्या मुलीने, वसुंधराने. बालामणीला ती अत्तम्मा म्हणते, म्हणजे मामी. हैदराबादच्या एका संस्थेत ती हेच काम करते. आदल्या संध्याकाळी देवळाच्या मंडपात, हरिकथेच्या आधी, तिने गावाला नीट समजावून सांगितलं होतं. पंप दवाखान्याचं सांडपाणी एका जाड चकतीच्या बारीक भोकांतून जोराने ढकलतो. भोकातून सुटताना पाण्यावरचा दाब एवढा पडतो की पाण्यात बुडबुडे उठतात. पुढे दाब परत येतो आणि बुडबुडे फुटतात, असे फुटतात की शेजारच्या औषधाचे तुकडे होतात. टाकीतलं तेच पाणी दिवसभर पुन्हा पुन्हा फिरवायचं. "उद्या आवाज येईल," ती म्हणाली होती. "खडखड होईल. घाबरू नका. तो आवाज म्हणजेच काम."

गावाने डुलक्या घेत अर्धंमुर्धं ऐकलं. ऐलय्याने तेवढंही ऐकलं नाही. त्या वेळी घरी बालामणीला दम लागला होता आणि तो तिला उशीवर टेकवून वारा घालत बसला होता. पंप त्यानेच बसवून दिला होता खरा, पण चालवून पाहिला तेव्हा चकती बसली नव्हती, आणि पंप लोण्यासारखा फिरत होता.

आता हा लोण्यासारखा पंप दात खात होता.

ऐलय्याने इकडेतिकडे पाहिलं. वसुंधरा आणि प्रयोगशाळेचा इलियास पहिल्या नमुन्याची बाटली दवाखान्याच्या फ्रिजमध्ये ठेवायला गेले होते ते अजून आले नव्हते. मोठ्या डॉक्टरांनी गाठलं असणार. कडुलिंबाखाली सोसायटीची माणसं ज्वारीची भाकरी आणि माशाचं आंबट कालवण, पुलुसू, घेऊन बसली होती.

"ऐलन्ना, ये की चार घास खायला," कोमरय्या ओरडला. सोसायटीत याचा आवाज सगळ्यात मोठा. "तुझ्या भाचीचं यंत्र आमच्या सुनेसारखं आहे. काम किती करतं माहीत नाही, आदळआपट मात्र सकाळपासून."

सगळे हसले. ऐलय्याला हसू आलं नाही. बंद पडलं तर तुमचं नशीब, हे त्याच्या कानात होतं. आवाज वाढतोय असं त्याला वाटत होतं. खरं तर वाढत नव्हता, पण काळजी लागलेल्या माणसाला घड्याळाची टिकटिकही वाढल्यासारखी वाटते. पंखा गेला तर दुपारपर्यंतही टिकणार नाही. मग पोती. मग बस, हैदराबाद, रांग, आणि बालाचा तो सुजलेला चेहरा.

तो उठला. कंकणाला त्याने हात लावला नाही, त्या व्हॉल्व्हच्या जवळही गेला नाही. पंपात पाणी जिथून शिरतं त्या पाइपावर एक बारीक बूच होतं, दाबाचा काटा बसवायला ठेवलेलं. जुन्या मिस्त्रींची एक युक्ती असते: ते बूच थोडंसं ढिलं करायचं. पाण्याबरोबर हवेचा एक घोट आत जातो, आणि दात खाणारा पंप अंगावर गोधडी घातल्यासारखा निवतो. त्याने धोतराच्या आडून पाना लावला, हलकेच फिरवला. बारीक सुस्कारा आला.

खडी थांबली. नुसती घुमघुम उरली.

"अरे वा!" झाडाखालून कोमरय्या म्हणाला. "सून माहेरी गेली वाटतं."

"निवलं बाई," गंगव्वाही म्हणाली. "डोकं उठलं होतं."

ऐलय्याने पाना खिशात टाकला, हात पुसले आणि देवाचं नाव घेत जिना चढला. सकाळपासून पहिल्यांदा त्याला श्वास पुरत होता.

*

बालामणी डोळे मिटून पडली होती. शेजारच्या यंत्राच्या नळीतून लाल रक्त सावकाश फिरत होतं. स्टुलावर टेकताच त्याचा तासभर डोळा लागला; जागा झाला तशी तिने डोळे न उघडता विचारलं, "भाकरी खाल्लीत?"

"नंतर खातो. ऐक, वसूचं यंत्र पार दात खात होतं. निम्म्या दिवसात पंखा गेला असता. मी निववलं."

"निववलं म्हणजे?"

"आवाज बंद केला. आता बघ कसं गाय रवंथ करते तसं चाललंय."

बालामणीचे डोळे उघडले. आजाराने तिच्या अंगातलं बरंच काही नेलं होतं, पण नजर नेली नव्हती.

"वसूला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? पंप कुणी बसवला?"

"पंप तुम्ही बसवला. यंत्र कुणाचं?" ती उठून बसायला गेली, नर्स धावली, तशी पुन्हा आडवी झाली. "अहो, सकाळी सुया लावताना पोर माझ्यापाशी बसली होती. म्हणत होती, अत्तम्मा, आज खालून खडखड ऐकू येईल, तो ऐकत पडा. तो चालू आहे तोवर आपलं काम चालू आहे. बुडबुडे फुटतात त्याचा तो आवाज. मी सकाळपासून तेच ऐकत होते. मगाशी बंद झाला तेव्हा म्हटलं खालची वीज गेली की काय."

ऐलय्याने खिशातला पाना चाचपला.

"हवा सोडली," तो हळूच म्हणाला. "हवा आत गेली की बुडबुडे… ते फुटतच नाहीत नीट. उशीवर पडल्यासारखे बसतात."

"मग?"

"मग काय. औषध तसंच."

"बसलात काय इथे! जा!"

तो जिन्याच्या पायऱ्या कशा उतरला ते त्याला कळलं नाही.

*

हरिकथेला बसणाऱ्यांना हा अनुभव असतो. कथा सांगणारा दासू ऐन रंगात असतो, पायातले चाळ, हातातल्या चिपळ्या, मागचा मृदंग सगळं एका लयीत असतं, आणि एकाएकी चिपळ्या थांबतात. कथेतला थांबा असेल तर आपण पुढे सरकून बसतो. पण दासूला काही झालं म्हणून थांबल्या असतील, तर ते सगळ्या मंडपाला एका क्षणात कळतं. कसं कळतं ते सांगता येत नाही. वसुंधरा यंत्रापाशी तशी उभी होती. तिचा एक हात चकतीच्या नळीवर होता आणि चेहरा उतरला होता.

"मामा, काटे बघा," ती कुजबुजली. "दाब जवळपास तेवढाच आहे. मोटर ठीक आहे. पण आत काहीच होत नाहीये. नळी हाताला मेल्यासारखी लागतेय. इलियासने दुपारची बाटलीसुद्धा भरली. मी काय चुकले?"

इलियास बाटलीवर चिठ्ठी चिकटवत होता. झाडाखाली गंगव्वा आडवी झाली होती, पदर तोंडावर.

"तू नाही चुकलीस," ऐलय्या म्हणाला, आणि बुचाकडे बोट केलं.

तिला समजायला क्षणही लागला नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने तिथल्या तिथे परतवलं. तिने मामाच्या हातून पाना घेतला, बूच घट्ट केलं. सुस्कारा थांबला. दोन-चार वेळा नळी धडधडली आणि खडी परत आली. झाडाखाली कुणीतरी वैतागून कूस बदलली.

"कधी केलंत?"

"जेवायच्या वेळेला."

ती ओठांतल्या ओठांत हिशेब करत राहिली. "दिवेलागणीपर्यंत होईल कदाचित. नाहीतर नाही होणार. अर्ध्याच्या खाली यायला हवं, तसं ठरलंय. मामा, कुणाला काही बोलू नका."

"वसू, कंकण…"

"कंकणाला तुम्ही हात लावला नाही ना? मग झालं." ती असं म्हणाली, पण त्याच्या डोळ्यांकडे पाहून म्हणाली नाही. "आता सांगितलं तर म्हणतील, यंत्राशी खेळले, परीक्षा बाद. पोती तयारच आहेत. अत्तम्माचं काय? बसा. नुसते बसा."

तो बसला. आता खडीचा तोच आवाज त्याला हवाहवासा वाटत होता आणि तरी अंगावर काटा आणत होता. तीस-पस्तीस वर्षं कान एका बाजूला वळलेले, ते एका दुपारीत उलटे कसे वळणार? प्रत्येक खडखडीला मन म्हणे पंखा गेला, आणि पुढच्याच श्वासाला म्हणे वाज बाबा, वाज, थांबू नकोस. नरसिंहा, एक तर मला बहिरा कर, नाहीतर हिला वाचव. उन्हं कडुलिंबाच्या खोडापर्यंत आली. कोमरय्या पत्ते पिसत बसला. गंगव्वा उठून तोंड धुऊन आली आणि ऐलय्याकडे बघत राहिली.

"काय रे ऐलन्ना, घाम किती आलाय. वदिना बरी आहे ना?" वदिना म्हणजे वहिनी; बालामणीला ती तशीच हाक मारायची.

"बरी आहे."

"मग तोंड का असं? तुझ्या भाचीचं यंत्र जिंकलं तर मला काय वाईट वाटणार आहे? मला तळं पाहिजे, दवाखाना बुडायला नको. माझ्या दोन्ही पोरांची बाळंतपणं इथलीच."

तो मान हलवत राहिला. ती प्रेमाने बोलली नसती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात चाकाच्या खुर्चीतून बालामणीला खाली आणलं. डायलिसिस झालं की ती चिंधीसारखी होते, पण आज मान ताठ होती. मागच्या दारातून बाहेर येताच तिने कान दिला, खडी ऐकली आणि तिचा चेहरा उजळला.

"लागलं का परत?" ती मोठ्याने म्हणाली. "चला, देव पावला. गंगव्वा, रागावली नाहीस ना गं जास्त? अगं, सवयच ती यांची. आवाज ऐकला की पाना. लग्नाच्या मांडवात सनईवाल्याची सनई दुरुस्त करायला निघाले होते हे, विचार कोणालाही."

कोणी हसलं नाही. कोमरय्याच्या हातातले पत्ते थांबले.

"कशाला रागावू, वदिना?" गंगव्वाने विचारलं.

बालामणीने नवऱ्याकडे पाहिलं, वसुंधराकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं. तिचा हात तोंडाकडे गेला. पण शब्द बाहेर पडून अंगणभर झाले होते.

*

ऐलय्या उभा राहिला आणि सगळं सांगितलं. बूच, हवा, पाना, सगळं. कंकणाला हात लावला नाही हे मात्र सांगितलं नाही. सांगावंसं वाटत होतं, पण तोंडातून निघेना. वसुंधराने पुढे येऊन सांगितलं की बूच पुन्हा घट्ट तिने केलं आणि गप्प बसायला मामांना तिनेच सांगितलं.

"झालं!" कोमरय्या उठला. "परीक्षा बाद. आणा रे पोती."

"बस खाली," गंगव्वा म्हणाली. आवाज चढवला नाही, पण तो बसला. ती ऐलय्याच्या समोर येऊन उभी राहिली. "तू यंत्र बिघडवलंस ते मला समजतं. माझ्या नवऱ्याला जाळ्यात गाठ दिसली की सोडवल्याशिवाय भाकरी गोड लागत नाही. पण चूक कळली तेव्हा मी तिथे दहा पावलांवर झोपले होते ना रे? मला उठवलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला? आणि तू गं? शिकलेली पोर. माझ्या पाठीमागे घट्ट करून मोकळी झालीस?"

"भीती वाटली, गंगम्मा," वसुंधरा म्हणाली.

"भीती मलाही वाटते. मी काय करते? तळ्यावर जाऊन बसते." तिने पदराने मान पुसली. "सोसायटीत माझी पन्नास घरं. बाजारात व्यापारी विचारतो, वेपलकुंट्याचा मासा का? दवाखान्याचा ना तो? आणि टोपली मागे सरकवतो. मी त्यांना काय सांगू? आज हे निम्मं बिघडलेलं पाणी तपासून आलं तर त्याचा अर्थ काय? औषध गेलं नाही तर यंत्र वाईट की ऐलन्ना वाईट? गेलं तर कुणी म्हणेल, लपवाछपवी केली होती, खोटं आहे. मला तुमची हार नको आहे. मला पाणी कसं आहे ते कळायला पाहिजे."

यंत्र वाजत होतं.

तिने व्हॉल्व्हपाशी जाऊन कंकणाची गाठ स्वतः सोडली. असं कार्य अर्धवट असताना कंकण सोडलेलं आमच्याकडे कुणी पाहिलं नसेल. दोन म्हाताऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावला. "याचा दोष मला लागू दे," ती म्हणाली. "स्वामीला मी नारळ देईन. उद्या ताजं पाणी भरा, पहाटेपासून पुन्हा. पण आजच्या बाटल्या टाकायच्या नाहीत, रे इलियास. दुपारची बाटलीसुद्धा तपासायला जाऊ दे. गप्प असलेलं यंत्र काय करतं तेही मला बघायचंय. आणि ऐलन्ना, तू उद्या दिवसभर माझ्या शेजारी बसायचं. पाना माझ्या कमरेला."

"बसतो," ऐलय्या म्हणाला.

"आणि उद्या पंप खरोखर मोडला तर?" कोमरय्याने विचारलं.

"मोडला तर मोडला," गंगव्वा म्हणाली. पण म्हणताना तिने बालामणीकडे पाहिलं नाही.

*

दुसरा दिवस पहिल्यापेक्षा वाईट गेला, कारण करण्यासारखं काहीच नव्हतं. ऐलय्या गंगव्वाशेजारी चटईवर बसला होता. खडी वाजत होती. आवाज जरा पातळ झाला की तो अर्धवट उठायचा, जरा जाड झाला तरी उठायचा.

"हात का हलतोय तुझा?" गंगव्वा विचारायची.

"कुठे हलतोय?"

"मांडीवर. पाना फिरवतोयस."

तो हात मांडीखाली दाबून धरायचा. मध्येच तिने त्याला विचारलं, "आत नक्की काय होतंय, सांग की. मंडपात मी डुलकी घेत होते."

तेव्हा त्याने, काल रात्री वसुंधराकडून ऐकलेलं, आपल्या शब्दांत सांगितलं. पाण्यात पोकळी होते आणि पाणी चहूबाजूंनी त्या पोकळीवर धावून येतं. आपल्या पंपात तेच झालं की आपण त्याला रोग म्हणतो. वसू म्हणते, रोगच आहे, पण इथे औषधाला लावलेला.

"म्हणजे तू जन्मभर मारत आलास तेच ही पाळते."

"तसंच."

"मग तुझं चुकलं नाही फारसं," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "पण पाना नाही मिळायचा."

पंप मोडला नाही. दिवे लागले, शेवटची बाटली भरली, इलियास बर्फाची पेटी घेऊन हैदराबादच्या बसमध्ये चढला. मग वाट पाहणं. मधल्या दिवशी बालामणीची डायलिसिसची पाळी होती. नर्सने प्रत्येक रुग्णाच्या नातेवाइकाला हळूच सांगितलं, दुसरीकडे नाव घालून ठेवा, नाला बंद झाला तर धावपळ नको. ऐलय्याने नाव घातलं नाही. घातलं तर निकालही तसाच येईल असं काहीतरी त्याच्या मनाने घेतलं होतं. बालामणीला हे कळलं तेव्हा ती चिडली. "मी मेले तर तुमच्या मनाला विचारायचं का?" असं म्हणाली, आणि मग बऱ्याच वेळाने, भिंतीकडे तोंड करून, "नका घालू. मलाही नाही घालावंसं वाटत."

प्रयोगशाळेचा फोन आला तेव्हा वर बालामणीचं पुढचं डायलिसिस चालू होतं आणि वसुंधरा दवाखान्याच्या मागेच होती. सोसायटीची माणसं नाल्यापाशी जमली होती, पोत्यांच्या शेजारी, कारण निकाल कुठे ऐकायचा हे कुणी ठरवलं नव्हतं आणि सगळ्यांचे पाय तिथेच वळले. तिने फोन कानाला लावून ऐकलं, पुन्हा सांगायला लावलं.

"जंतूवरचं औषध पाऊण भाग गेलं," ती म्हणाली. "अंगदुखीचं निम्म्याहून जरा जास्त. जेमतेम. पण जास्त."

"आणि पहिल्या दिवशीची बाटली? गप्प असतानाची?" गंगव्वाने विचारलं.

"सकाळी थोडं उतरलं होतं. नंतर जिथल्या तिथे. यंत्र चाललं नसल्यासारखंच."

गंगव्वाने मान हलवली. मग ती कोमरय्याकडे वळली. "पोती घरी नेऊन टाका. अंगणात चिखल होतो सगळ्यांच्या. आणि ऐका, हे कायमचं नाही. दर महिन्याला बाटली जाणार, मी स्वतः भरणार. एकदा जरी अर्ध्याच्या वर आलं तर मी येणार."

"या," नाल्यापाशी आलेले मोठे डॉक्टर म्हणाले. एवढं बोलून ते रचलेल्या पोत्यांवरच बसले.

लोक पांगले. ऐलय्याला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. त्याने वर हात जोडले, डोळे पुसले. पण वसुंधरा यंत्रापाशी गुडघे टेकून चकतीची नळी उघडत होती. त्याला राहवलं नाही. तो शेजारी जाऊन बसला.

तिने चकती त्याच्या तळहातावर ठेवली. चांगली जाड, पोलादाची. भोकांच्या कडेला धातू देवीचे वण पडल्यासारखा झाला होता. एवढ्याशा दिवसांत.

"बुडबुडे औषध ओळखत नाहीत, मामा," ती म्हणाली. "जे समोर येईल ते खातात. कडा झिजल्या की भोक मोठं होतं, आणि मग…"

"मग आवाज जातो."

"हो."

"किती टिकेल?"

तिने रिकाम्या नळीत डोकावलं. "माहीत नाही. कुठेच कुणी एवढं सलग चालवलेलं नाही."

ऐलय्याने चकती उजेडात धरली, अंगठ्याने कडा चाचपली. याआधी कधी झिजलेला पंखा हातात आला की तो मालकाला दाखवून म्हणायचा, बघा, मी वेळेवर आलो. आज दाखवायला कुणी मालक नव्हता. दर महिन्याची बाटली होती, आणि आठवड्यातून तीनदा वर त्या पलंगावर बाला होती.

"या मापाची भोकं पाडायला कसलं ड्रिल लागतं?" त्याने विचारलं.

"कडक पोलादाचं. का?"

तो उठला होता. "मेदकला माझा एक ओळखीचा लेथवाला आहे. आज बस मिळाली तर उद्यापर्यंत दोन तरी होतील."

"मामा, ही अजून चालेल की! निदान काही आठवडे."

"चालू दे," तो म्हणाला, आणि चकतीचं माप बोटांवर धरूनच तो फाटकाकडे निघाला. वरच्या खिडकीतून, पलंगावरूनच बालामणीने हाक मारली, "अहो, आता कुठे? भाकरी तरी खा!"

"आल्यावर खातो," तो म्हणाला, आणि बोटं तशीच ताणलेली ठेवून, माप हलू न देता, रस्ता ओलांडून बसथांब्याकडे गेला.